करडा, पण कशाचा?

आपल्या वाङ्मय मंडळाच्या बैठकीत हल्ली एक शब्द फार स्वस्त झालाय: 'ग्रे'. कथा कुठलीही असो, कादंबरी कुठलीही असो, चर्चा दहा मिनिटं झाली की कोणीतरी म्हणतं, "हे पात्र ग्रे शेडचं आहे." सगळे माना डोलावतात आणि चर्चा तिथेच थांबते. मालिकांच्या जाहिरातींत तो शब्द आहे, नटांच्या मुलाखतींत आहे आणि आपल्या उत्तरपत्रिकांत तर असतोच असतो. शब्द इंग्रजी आहे याबद्दल माझी तक्रार नाही. मी स्वतः दिवसाला शंभर इंग्रजी शब्द वापरते. तक्रार वेगळी आहे. हा शब्द रंगाच्या डबीतून आलाय, आणि ज्यांनी तो उचलला त्यांनी डबी उघडून पाहिलेलीच नाही.

'ग्रे शेड' म्हणताना आपल्या डोक्यात काय असतं? एका टोकाला पांढरा, दुसऱ्या टोकाला काळा. पांढरा म्हणजे चांगला, काळा म्हणजे वाईट. (या समीकरणाला कातडीच्या रंगाचा किती जुना वास येतो, तो वेगळ्या लेखाचा विषय.) दोन्ही वाटीत ओतले, ढवळले, झाला माणूस तयार. पण चित्र काढणारे करडा असा करत नाहीत. निदान चांगला करडा असा होत नाही.

तुमच्यापैकी कित्येकांनी शाळेत एलिमेंटरी, इंटरमीजिएट दिली असेल. पोस्टर कलरच्या काळ्या बाटलीतला थेंबभर रंग पांढऱ्यात घालून बघितला असेल. जो रंग मिळतो तो सिमेंटसारखा असतो. थोडा निळसर, थंड आणि सपाट. चित्रात लावला की तेवढ्या जागी भोक पडल्यासारखं दिसतं. त्याचं कारण साधं आहे. काळा रंग बहुतेक वेळा काजळी किंवा जाळलेल्या हाडांची पूड असतो, म्हणजे कार्बन. तो सगळा प्रकाश सारखाच गिळतो. तांबडा, हिरवा, निळा असा भेद तो करत नाही. म्हणून त्याच्या करड्यात उजेड-अंधाराचं प्रमाण तेवढं असतं, बाकी काही नसतं. हाच काळा पिवळ्यात घाला, सावली मिळण्याऐवजी शेवाळ मिळेल. पिवळ्या आंब्याची काळी बाजू रंगवताना हा अनुभव अनेकांना आला असेल.

दुसरी रीत म्हणजे रंगचक्रावर समोरासमोर बसलेले रंग एकत्र करायचे. तांबडा आणि हिरवा, निळा आणि नारिंगी, पिवळा आणि जांभळा. तांबडा रंग प्रकाशातला हिरवा भाग खातो, हिरवा रंग तांबडा भाग खातो. दोघांनी मिळून खाल्ल्यावर उरतो तो सगळ्यातला थोडाथोडा प्रकाश, आणि तोच करडा. पण दोघांचं प्रमाण कधीच काट्यावर बरोबर जुळत नाही, आणि सगळी मजा त्या न जुळण्यात आहे. निळा चिमूटभर जास्त झाला तर संध्याकाळचा करडा, नारिंगी जास्त झाला तर उन्हात वाळलेल्या लाकडाचा करडा. दोनच रंगांतून पायऱ्यापायऱ्यांनी वीस करडे निघतात, आणि काळ्या बाटलीचं झाकण उघडावंही लागत नाही. एक सूचना मात्र पाळायची: आधी फिकट रंग घ्यायचा आणि गडद रंग ब्रशच्या टोकाने थोडाथोडा मिसळायचा. उलटं केलंत तर वाटीभर चिखल होईल आणि अर्धी बाटली संपेल.

गंमत बघा, शाळेत आपण या जोड्यांना 'विरोधी रंग' म्हणून शिकलो. विज्ञानाच्या पुस्तकात त्यांनाच 'पूरक रंग' म्हणतात. एकाच जोडीची ही दोन नावं आहेत आणि दोन्ही खरी आहेत. शेजारी ठेवले की एकमेकांना भडकवतात, एकत्र केले की एकमेकांना शांत करतात. शेव्रल नावाचे एक फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात रंगाई विभागाचे प्रमुख होते. तिथल्या काळ्या धाग्यात दम नाही अशी तक्रार त्यांच्याकडे आली. त्यांनी तपास केला तर धागा ठीकच होता, त्याच्या शेजारी विणलेले रंग त्याचा दम घालवत होते. यावर त्यांनी १८३९ साली जाडजूड ग्रंथच लिहिला. तांबड्याशेजारी ठेवलेला करडा हिरवट दिसतो आणि हिरव्याशेजारी ठेवलेला तोच करडा तांबूस दिसतो, हे ज्यांनी नीट मांडलं त्यांत ते एक. म्हणजे करडा एकट्याने ओळखता येत नाही. शेजारी कोण आहे, ते विचारावं लागतं.

आता आमच्या गावाकडे येते, कारण मला हे ट्यूब आणि पॅलेटपेक्षा तिथे जास्त नीट दिसतं. मी कॅसलरॉकची. जोयडा तालुक्यातलं, गोव्याच्या वेशीवरचं, घाटमाथ्यावरचं रेल्वेचं गाव. ज्यांनी दूधसागर गाडीतून बघितलाय ते आमच्या स्टेशनातून गेलेत, बहुधा झोपेत. इथे जूनपासून सप्टेंबरपर्यंत करड्याशिवाय दुसरा रंग नसतो असं बाहेरून येणाऱ्याला वाटतं. चार दिवस राहिलं की कळतं, करडे किती आहेत ते. सकाळी झाडांत अडकलेलं धुकं हिरवट करडं असतं. दुपारचा ढग पोटाशी जांभळट असतो. ओल्या खडीवर, रुळांच्या मध्ये, गंजाचा तपकिरी करडा असतो. आणि पाऊस थांबून अर्धा तास ऊन पडलं की लाल मातीवरून वाफ निघते, तिचा करडा गुलाबी असतो. हे माझं कवित्व नाही. ब्रश घेऊन बसा, काळ्या-पांढऱ्याने यातला एकही जमणार नाही.

जमवायचा असेल तर घरातल्याच दोन वस्तू पुरतात: नीळ आणि गेरू. कपड्यांना आणि चुन्याला घालतात ती पुडीतली जुनी नीळ, बाटलीतली पातळ नव्हे. ही पूड म्हणजे कृत्रिम अल्ट्रामरीन. १८२८च्या सुमारास फ्रान्समध्ये गिमे यांनी ती बनवण्याची रीत काढली आणि चित्रकारांचा महागडा निळा धोब्याच्या घरात पोचला. गेरू म्हणजे लोहाचा गंज मिसळलेली माती, बर्न्ट सायना या चित्रकारांच्या रंगाचा गावाकडचा भाऊ. दोन्ही पाण्यात कालवून जाड, खरखरीत कागदावर लावा. पावसाळी ढगाचा करडा मिळतो, थोडी जांभळट झाक असलेला. ती नको असेल तर पिवळी माती चिमूटभर. जलरंगात ढग रंगवणारे अल्ट्रामरीन आणि लाल माती हीच जोडी पिढ्यान् पिढ्या वापरत आलेत. कागद वाळला की जवळून बघा. निळीचे कण कागदाच्या खळग्यांत जाऊन बसतात. गेरू वर पसरलेला राहतो. हातभर अंतरावरून करडा, आणि नाक लावून पाहिलं तर निळा निळ्याच्या जागी, तांबडा तांबड्याच्या जागी. कुणी कुणात विरघळलेलं नाही.

नीळ चुन्यात का घालतात, हेही इथेच सांगून टाकते. चुना मुळात किंचित पिवळट असतो. निळा त्या पिवळ्याला मारतो. खरं तर भिंत त्यामुळे थोडीशी करडी होते, म्हणजे कमी उजळ होते, पण डोळ्याला ती जास्त पांढरी वाटते. आपल्या सणासुदीच्या शुभ्र भिंती या हिशेबाने करड्याच आहेत. शुभ्रतेबद्दल भाषणं करणाऱ्यांनी हे ऐकून ठेवावं.

मराठीला हे आधीपासून माहीत होतं असं मला वाटतं. इंग्रजीत एक 'ग्रे' आणि त्यामागे विशेषणांची रांग. आपल्याकडे राखाडी राखेवरून, धुरकट धुरावरून, पारवा पारव्यावरून. म्हणजे आपण करड्याला तो कशापासून झाला त्याचं नाव देतो. पारव्याची मान उन्हात बघा, हिरवी आणि जांभळी चमकते. पुन्हा दोन रंग एकत्र. आम्ही राखेच्या बुधवारी कपाळावर जी राख लावून घेतो तीही कुठल्याही चुलीतली नसते. आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी हातात धरलेल्या हिरव्या झावळ्या जाळून ती करतात. त्या राखाडीला मागचं वर्ष आहे. 'ग्रे शेड' या शब्दाला मागचं काहीच नाही.

ज्यांनी आयुष्यभर हेच केलं असे आपल्या जवळचे चित्रकार म्हणजे वासुदेव गायतोंडे. घर मूळचं गोव्याचं, जन्म १९२४ साली नागपुरात, शिक्षण मुंबईच्या जे. जे.मध्ये. त्यांची कितीतरी चित्रं पहिल्या नजरेला एकाच रंगाची वाटतात. पण ते रंगाचा थर रोलरने किंवा पॅलेट नाइफने चढवत, काढत, पुन्हा चढवत. वरच्या रंगातून खालचा रंग श्वास घेत राहतो. मी ती चित्रं पुस्तकांत आणि स्क्रीनवरच पाहिलीत, आणि स्क्रीनवर नेमका तो श्वास जातो. तरीही जेवढं दिसतं तेवढ्यावरून सांगते, त्या शांत रंगात आळस कुठेच नाही.

कोणी म्हणेल, काळ्या-पांढऱ्यातूनही मोठं चित्र होतं की. होतं. पिकासोचं 'गेर्निका' १९३७ सालचं, काळं, पांढरं आणि करडं. पण तिथे रंग काढून टाकणं हाच निर्णय होता. बाँबहल्ल्याची बातमी वर्तमानपत्रात जशी छापून येते तसं ते आहे. निर्णय म्हणून रंग काढणं आणि रंग मिसळायचा कंटाळा म्हणून काळ्या बाटलीला हात घालणं, यांत फरक आहे. तसंच पेन्स ग्रे या प्रसिद्ध रंगाचं. विल्यम पेन या इंग्रज चित्रकाराच्या नावाचा हा करडा मुळात प्रशियन निळा, पिवळी माती आणि किरमिजी या तीन रंगांतून होत असे. आज ट्यूबच्या पाठीमागची बारीक अक्षरं वाचा, बहुतेक ठिकाणी त्यात काळा सापडेल. नाव तेच, आतला माल बदलला. 'ग्रे' या शब्दाचं आपल्या समीक्षेत अगदी हेच झालंय.

तेंडुलकरांचा 'सखाराम बाइंडर' घ्या, १९७२चं नाटक. सखाराम 'ग्रे' आहे असं मी स्वतःच्या कानांनी तीनदा ऐकलंय. याचा अर्थ काय? निम्मा चांगला, निम्मा वाईट? नवऱ्यांनी टाकलेल्या बायकांना तो आसरा देतो, आधी सगळ्या अटी तोंडावर सांगतो, दांभिकांसारखा लपवत नाही. हे पूर्ण खरं आहे. आणि तो त्या बायकांना पट्ट्याने मारतो, घरात त्याचाच कायदा चालतो, शेवटी चंपाचा गळा दाबतो. हेही पूर्ण खरं आहे. आसरा दिला म्हणून मार निम्मा होत नाही, आणि मारलं म्हणून आसरा खोटा ठरत नाही. लक्ष्मी तर याहून अवघड. ती मुंगीशी बोलते, देवाचं सगळं नेमाने करते. सखाराम तिला घराबाहेर काढायला निघतो तेव्हा चंपा तिला राहू देते. आणि तीच लक्ष्मी चंपाचं आणि दाऊदचं गुपित सखारामला सांगते, त्यातून खून होतो, आणि प्रेत पुरायचं तीच सुचवते. तिची भक्ती आणि तिचा हा क्रूरपणा एकमेकांत विरघळून मधला काहीतरी रंग झालेला नाही. निळीच्या कणांसारखे दोन्ही आपापल्या खळग्यात बसलेत. नाटक भिववतं ते त्यामुळेच. 'लक्ष्मी ग्रे शेडची आहे' असं म्हटलं की ती भीती संपते, आपण सुटतो आणि चहा येतो.

इथपर्यंत गोष्ट पुस्तकातली आहे. पुस्तकाबाहेर हाच शब्द जास्त त्रास देतो.

आमच्या स्टेशनावरून खाली कुळेपर्यंतचा घाट साधारण २६ किलोमीटरचा, चढ ३७ला १. चढणाऱ्या गाडीला मागून ढकलायला जादा इंजिनं लागतात. ब्रिटिश आणि पोर्तुगीज यांच्यात १८७८ साली झालेल्या करारातून ही लाइन आली. १९६१पर्यंत इथे सरहद्द होती. इकडे आमच्याकडे एक तपासणी, तिकडे कुळ्याला दुसरी. गाव रेल्वेमुळे वसलं. माझे पप्पा रेल्वेत आहेत, आमचा भात त्या पगारावर शिजतो. मुरगाव बंदरात उतरलेला कोळसा याच घाटाने वर चढून बळ्ळारीकडच्या पोलाद कारखान्यांकडे जातो. या मार्गाच्या दुपदरीकरणाचा प्रस्ताव आला तेव्हा गोव्यात लोक रस्त्यावर उतरले. नोव्हेंबर २०२०मध्ये चांदरला तर रात्री रुळांवर बसले. कारण दुसरा रूळ भगवान महावीर अभयारण्यातून जाणार, झाडं जाणार आणि कोळसा वाढणार. सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीने एप्रिल २०२१च्या अहवालात घाटातल्या दुपदरीकरणाच्या विरोधात मत दिलं: नाजूक जंगलाची हानी मोठी, आणि एवढ्या चढाच्या मार्गावर क्षमता मात्र थोडीच वाढणार. मे २०२२मध्ये न्यायालयाने कॅसलरॉक ते कुळे या टप्प्याला वन्यजीव मंडळाने दिलेली मान्यता रद्द केली.

यावर माझ्या शहरातल्या मित्रमैत्रिणींशी बोलताना दोन मिनिटांत ऐकू येतं, "अगं, इश्यू ग्रे आहे." बरं. कशाचा ग्रे? तांबड्यात काय आहे ते सांग, हिरव्यात काय आहे ते सांग. तांबड्यात आहे पगार. त्यात आहे घाटात पावसात रात्रभर रुळांवर गस्त घालणारा माणूस, आणि दरड कोसळली की बंद पडणारी एकच लाइन. गावातून दवाखान्याला जायची गाडी मालगाडीसाठी बाजूला थांबते, ते थांबणंही त्यातच. हिरव्यात आहे ते जंगल ज्यातून आमचं पाणी येतं, आणि ती झाडं जी एकदा पाडली की माझ्या नातवंडांनाही परत दिसायची नाहीत. वास्कोच्या खिडक्यांवर बसणाऱ्या काळ्या धुळीची तक्रारही त्यात आहे. हे सगळं ताटात वाढून झाल्यावर मग म्हणा करडा. मी दुपदरीकरणाच्या विरोधात आहे. पप्पा नाहीत. आमच्या जेवणाच्या टेबलावर आवाज चढतात, मम्मी दोघांनाही मासे वाढते, आणि आमच्यापैकी कोणीही 'ग्रे' म्हणून उठून जात नाही. पप्पांनी माझ्यासमोर दरडींचा हिशेब ठेवलाय, मी त्यांच्यासमोर समितीचा अहवाल. त्यांचा एक मुद्दा मला अजून खोडता आलेला नाही: गाड्या वाढल्या आणि लाइन एकच राहिली तर रुळांच्या देखभालीला मोकळा वेळ कुठून आणणार? तो मुद्दा मला छळतो. माझं मत त्याने बदललेलं नाही, पण मतात त्याची झाक आलीय, आणि ती तिथे असावी असं मला वाटतं.

'ग्रे' म्हणणाऱ्यांना वाटतं की आपण उदार आहोत, दोन्ही बाजू समजून घेतोय. बहुतेक वेळा एकही बाजू समजून घेतलेली नसते. दोन्ही बाजूंपासून सारख्या अंतरावर उभं राहिलेलं असतं, एवढंच. तिथून काळा आणि पांढरा सोडून काही दिसत नाही. रंग दिसायला जवळ जावं लागतं आणि जवळ गेलं की हाताला लागतो. गेरू तर कपड्यावरून सहज जातही नाही.

आणखी एक, जरा किचकट गोष्ट. चित्रकलेच्या भाषेत 'शेड' म्हणजे मूळ रंगात काळा घातलेला; पांढरा घातला तर 'टिंट', करडा घातला तर 'टोन'. तेव्हा 'ग्रे शेड' म्हणजे काटेकोरपणे पाहिलं तर आधीच करड्या असलेल्यात वर आणखी काळा. एखाद्या बिचाऱ्या पात्राचं आपण काय करून ठेवतो बघा!

पुढच्या बैठकीत मंडळ 'सखाराम बाइंडर' वाचणार आहे असं सचिवांनी कळवलंय. मी कॅसलरॉकहून येताना एक पुडी नीळ आणि गेरूचा खडा आणणार आहे. जाड कागद आणि पाणी मंडळाने बघावं.